बरोबरीत सुटलेला बुद्धिबळाचा डाव कसा तपासावा

पांढऱ्याचा राजा ई५ वर (अक्षर उभ्या पट्टीचे, आकडा पांढऱ्याकडून मोजलेल्या रांगेचा), प्यादे ई४ वर आणि हत्ती डी१ वर. काळ्याचा राजा ई७ वर आणि हत्ती एच८ वर. पटावर याखेरीज काहीही उरलेले नाही आणि चाल काळ्याची आहे. माझ्या एका स्पर्धेतील डावात ही स्थिती आली होती आणि पांढरी मोहरी माझ्याकडे होती. प्रतिस्पर्ध्याने हत्ती डी८ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली, बरोबरीचा प्रस्ताव ठेवला आणि घड्याळ दाबले. हत्ती गेले की एकटे प्यादे उरेल आणि काळा राजा तर त्याच्या समोरच उभा आहे, एवढाच विचार करून मी हात पुढे केला. तो डाव मी जिंकलेला होता, हे मला तीन दिवसांनी घरी पट मांडल्यावर कळले. ते कसे, हे पुढे सविस्तर येईल.

क्लब पातळीवरची बरोबरी म्हणजे दोघेही अचूक खेळले आणि पारडे कधी झुकलेच नाही, असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा पारडे एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला झुकलेले असते, पण ज्याला ते दिसायला हवे त्याला ते दिसलेले नसते. हरलेल्या डावात चूक कोठे झाली हे निकालच सांगतो. बरोबरीत तो काहीच सांगत नाही, म्हणून त्या चुका शोधून काढाव्या लागतात. हे काम नीट केले तर एका बरोबरीतून दोन-तीन पराभवांइतके शिकायला मिळते, असा माझा अनुभव आहे.

नोंद पटावर असतानाच करावी

तपासणीची सुरुवात डाव संपल्यावर होत नाही. ती स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहिण्याच्या कागदावर होते. चालींबरोबर घड्याळातील वेळ आणि बरोबरीचे प्रस्ताव लिहिण्यास नियमांची परवानगी आहे, किंबहुना प्रस्तावाची नोंद दोन्ही खेळाडूंनी बरोबरच्या चिन्हाने करावी असे फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे नियम सांगतात. दर चार-पाच चालींनंतर आपला उरलेला वेळ चालीशेजारी लिहून ठेवावा. नंतर पाहताना अठराव्या चालीवर आपण वीस मिनिटे घालवली आणि एकतिसाव्या चालीवर फक्त चाळीस सेकंद, हे कळले की अर्धे कोडे सुटते. याहून जास्त काही, म्हणजे मनातले विचार किंवा पर्यायी चाली, डाव चालू असताना कागदावर लिहिता येत नाहीत.

दर चालीला किमान तीस सेकंद वाढत असतील, तर शेवटपर्यंत नोंद करणे बंधनकारक असते. तशी वाढ नसेल आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर नोंद थांबवण्याची मुभा मिळते. बरोबरीचे कितीतरी डाव याच अंधाऱ्या पट्ट्यात सुटतात. अशा वेळी डाव संपताच, पट मोडण्यापूर्वी, प्रतिस्पर्ध्याच्या मदतीने शेवटच्या चाली आठवून लिहून काढाव्यात. रात्री त्या आठवत नाहीत.

प्रतिस्पर्ध्याशी बोलणे

शक्य असेल तर त्याच दिवशी, खेळण्याच्या दालनाबाहेर, दोघांनी मिळून डाव एकदा फिरवावा. येथे कोण बरोबर होते हे ठरवायचे नसते. समोरच्याला कशाची भीती वाटत होती, हे विचारून घ्यायचे असते. त्याने प्रस्ताव नेमका त्याच क्षणी का ठेवला, आपली कोणती चाल त्याला अपेक्षित होती आणि कोणती आली असती तर तो अडचणीत आला असता, ही माहिती दुसऱ्या कोणाकडूनही मिळत नाही, संगणकाकडून तर नाहीच. मिळालेली उत्तरे लगेच दोन ओळींत लिहून ठेवावीत.

पहिली फेरी संगणकाविना

संगणक सुरू करण्याचा मोह होतो, पण निदान एक पूर्ण बैठक त्याच्याविना करावी. स्टॉकफिशसारख्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामने एकदा स्थितीच्या मूल्यमापनाचा आकडा दाखवला की आपली स्वतःची विचारसाखळी पुसली जाते, आणि तपासायची असते ती नेमकी तीच साखळी.

पूर्ण डाव एकदा सावकाश खेळून पाहावा आणि त्यातील चार किंवा पाच क्षण निवडावेत, त्याहून जास्त नकोत. क्षण निवडताना मी पुढील गोष्टींकडे पाहतो: जेथे मोठ्या मोहऱ्यांची अदलाबदल झाली, जेथे प्यादे अशा प्रकारे पुढे सरकले की डावाचा आकारच बदलला, जेथे सर्वांत जास्त वेळ गेला, आणि जेथे मनात पहिल्यांदा ‘आता हा डाव बरोबरीतच सुटणार’ असा विचार आला. शेवटचा क्षण सर्वांत महत्त्वाचा आहे. तो विचार एकदा मनात आला की खेळाडू जिंकण्याच्या चाली शोधणे थांबवतो, आणि त्यानंतरच्या चाली या केवळ अपेक्षित निकालाकडे नेणाऱ्या ठरतात. माझ्या वरच्या डावात हा क्षण हत्ती डी८ वर येण्याच्या सात चाली आधी आला होता.

निवडलेल्या प्रत्येक क्षणी स्थिती पटावर मांडून, दोन्ही बाजूंच्या नजरेने, किमान दोन पर्यायी चाली शोधाव्यात आणि त्या तीन-चार चालींपर्यंत लिहून काढाव्यात. आपले मत चूक निघाले तरी ते लिहिलेले असावे, कारण पुढच्या फेरीत संगणकाच्या उत्तराशी तुलना करायला तेच लागते.

बरोबरी कोणत्या मार्गाने झाली

परस्परांच्या संमतीने, स्थितीच्या पुनरावृत्तीने, सततच्या शहाने, पन्नास चालींच्या नियमाने (दोन्ही बाजूंच्या पन्नास चालींत प्याद्याची चाल वा मारामारी न झाल्यास), शह नसताना राजाची कोंडी होऊन म्हणजेच स्टेलमेटने, किंवा मात करण्याइतकी मोहरी न उरल्याने, अशा वेगवेगळ्या मार्गांनी डाव बरोबरीत सुटतो, आणि प्रत्येक मार्गाला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. स्टेलमेट किंवा अपुरी मोहरी यांत प्रश्न सोपा असतो: दहा चाली मागे जाऊन हे टाळता आले असते का, एवढेच पाहावे. पुनरावृत्ती आणि संमती यांच्याकडे मात्र बारकाईने पाहावे लागते.

तीन वेळा तीच स्थिती आली म्हणून पंचांकडे दावा करायचा असेल, तर स्थिती खरोखर तीच असावी लागते: चाल त्याच खेळाडूची, मोहरी त्याच घरांवर, आणि किल्लेकोटाचे (कॅसलिंगचे) व जाता-जाता प्यादे मारण्याचे हक्कही तेच. या तीन वेळा लागोपाठ याव्यात असे नाही. स्वतःच्या चालीने तिसरी वेळ येणार असेल तर ती चाल पटावर न खेळता कागदावर लिहून पंचांना सांगायची असते; खेळण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावला की तो हक्क त्या चालीपुरता जातो. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात. पाच वेळा तीच स्थिती आल्यास किंवा प्याद्याची चाल वा मारामारी न होता दोन्ही बाजूंच्या पंचाहत्तर चाली झाल्यास दाव्याची गरज राहत नाही, डाव आपोआप बरोबरीत संपतो. ही तरतूद २०१४ पासून नियमांत आहे. तपासणीत स्कोअरशीटवरून ही मोजणी पुन्हा करावी, कारण तीनदा झाले असे वाटून दोनदाच झालेले असते, असे अनेकदा आढळते. त्यानंतर खरा प्रश्न विचारावा: पुनरावृत्तीतून बाहेर पडण्याची एखादी चाल कोणाकडे होती का, आणि ती न खेळण्याचे कारण हिशेब होते की थकवा?

संमतीने झालेल्या बरोबरीत दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. प्रस्तावाच्या क्षणी पटावर काय होते, ही एक. तो प्रस्ताव का ठेवला गेला आणि का स्वीकारला गेला, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत रेटिंगचा मोठा वाटा असतो आणि तो मान्य करायला कोणी तयार नसते. दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून सरासरी ०.७६ गुणाची अपेक्षा धरली जाते. गुणक (एका डावाने रेटिंग किती बदलेल हे ठरवणारा आकडा) २० असेल तर बरोबरीत वरचा खेळाडू ५.२ गुण गमावतो आणि खालचा तेवढेच कमावतो. पण खालचा खेळाडू जिंकला असता तर त्याला १५.२ गुण मिळाले असते. चांगल्या स्थितीत असूनही बलवान प्रतिस्पर्ध्याचा प्रस्ताव झटकन स्वीकारणारा खेळाडू तो फरक हातचा सोडत असतो. आपण असे केले का, हे स्वतःला स्पष्ट शब्दांत विचारावे आणि उत्तर लिहावे.

येथे नियमाची एक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रस्ताव योग्य रीतीने, म्हणजे आपली चाल पटावर खेळून आणि घड्याळ दाबण्याआधी ठेवला गेला, तर तो मागे घेता येत नाही. आपण तो तोंडी नाकारेपर्यंत किंवा खेळण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो कायम राहतो. म्हणजेच नवी स्थिती समोर आहे, चाल आपली आहे आणि बरोबरी खिशात आहे. अशा वेळी आपल्या घड्याळावर दहा मिनिटे विचार करण्याने काहीच बिघडत नाही. मी त्या दिवशी अकरा मिनिटे शिल्लक असताना पाच सेकंदांत हात पुढे केला होता.

शेवटचा टप्पा: येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

आता सुरुवातीच्या स्थितीकडे परत येऊ. काळ्याने हत्ती डी८ वर आणला. पांढऱ्याने हत्तीने हत्ती मारला असता तर काळ्या राजाला तो परत मारण्यासाठी डी८ वर जावे लागले असते. यात सगळे उत्तर आहे. ई७ वरचा राजा बाजूला ओढला गेला, चाल पांढऱ्याची आहे, आणि पांढरा राजा ई६ वर येतो. काळा राजा ई८ वर आला तर पांढरा प्यादे ई५ वर सरकवतो, ही निव्वळ वाट पाहण्याची चाल आहे. काळ्याला आता बाजूला व्हावेच लागते. तो डी८ वर गेला तर पांढरा राजा एफ७ वर, तो एफ८ वर गेला तर डी७ वर, आणि प्यादे निर्धास्तपणे शेवटच्या घरापर्यंत चालत जाते. राजा सहाव्या रांगेत आणि प्यादे त्याच्या मागे असेल, तर चाल कोणाचीही असली तरी डाव जिंकलेला असतो. अपवाद फक्त हत्तीच्या पट्टीतील, म्हणजे अगदी कडेच्या प्याद्याचा.

आम्ही दोघे ज्या बरोबरीची कल्पना करत होतो तीही खोटी नव्हती, ती फक्त वेगळ्या स्थितीची होती. हत्ती पटावरून गेले असते आणि काळा राजा ई७ वरच राहिला असता, चाल पांढऱ्याची असती, तर खरोखर बरोबरी झाली असती. पांढरा राजा डी५ वर, काळा डी७ वर. प्यादे ई५ वर, काळा राजा ई७ वर. प्यादे ई६ वर, आणि आता काळ्याने सरळ मागे ई८ वरच जावे. मग राजा डी६ वर, काळा डी८ वर. प्यादे ई७ वर शह देते, काळा ई८ वर. आणि प्यादे वाचवण्यासाठी पांढरा राजा ई६ वर आला की काळ्याची कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटतो. त्याच स्थितीत चाल काळ्याची असती तर तो हरला असता. एका घराचा आणि एका चालीचा हा फरक आहे, आणि अदलाबदलीच्या क्षणी मोजायचा असतो तो हाच.

काळ्याने काय करायला हवे होते? हत्ती एच५ वर नेऊन शह. पांढरा राजा चौथ्या रांगेत मागे गेला की हत्ती एच६ वर, म्हणजे सहाव्या रांगेत. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिदोर याच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव प्रत्येक क्लब खेळाडूला झोपेतही आठवला पाहिजे. बचाव करणाऱ्याचा राजा प्याद्याच्या वाटेवर उभा राहतो आणि हत्ती सहाव्या रांगेवर पहारा देतो, म्हणजे पांढऱ्या राजाला तेथे पाऊल ठेवता येत नाही. प्यादे स्वतः सहाव्या रांगेत सरकले की त्याच क्षणी हत्ती पहिल्या रांगेत खाली जातो आणि मागून शह देत राहतो. आता पांढऱ्या राजाला लपायला प्याद्यासमोरची जागाच उरलेली नसते. उलट हत्ती स्वतःच्या शेवटच्या रांगेत नुसता बसवून ठेवला आणि पांढरा राजा प्याद्यासह सहाव्या रांगेत पोहोचला, तर मधल्या किंवा उंटाच्या पट्टीतील प्याद्यापुढे तो बचाव टिकत नाही. घोड्याच्या आणि हत्तीच्या पट्टीत मात्र टिकतो.

विरुद्ध रंगाचे उंट असतील तर एक-दोन प्यादी कमी असूनही बरोबरी साधते, आणि कडेचे प्यादे ज्या रंगाच्या घरावर वजीर होणार ते घर ज्या उंटाला राखता येत नाही, त्या उंटाच्या साहाय्याने जिंकता येत नाही, जर बचावाचा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला असेल. आपल्या डावात यांपैकी काही आले असेल तर तेवढाच प्रकार त्या आठवड्यात पक्का करावा.

मग संगणक

पटावर दोन्ही राजांसह सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर संगणकाच्या अंदाजाची गरजच नसते. टेबलबेसमध्ये अशा प्रत्येक स्थितीचा अंतिम निकाल आधीच काढून ठेवलेला आहे आणि तो इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. माझी पाच मोहऱ्यांची स्थिती तेथे मांडायला अर्धे मिनिट लागले.

त्याआधीच्या टप्प्यासाठी संगणकाला एकाच वेळी दोन किंवा तीन पर्याय दाखवायला सांगावे. बरोबरीच्या डावात हे विशेष गरजेचे आहे, कारण शून्य या आकड्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. पहिल्या तीनही चालींसमोर शून्य असेल तर स्थिती खरोखर शांत आहे. पहिल्या चालीसमोर शून्य आणि दुसरीसमोर उणे चार, म्हणजे चार प्याद्यांइतकी पिछाडी असेल, तर आपण कड्याच्या टोकावर उभे होतो आणि एकाच चालीने वाचलो. दोन्हीकडे संगणकाने काढलेल्या मूल्यमापनाच्या आलेखाची रेघ सपाट दिसते, पण पहिल्या स्थितीत शिकायला फारसे काही नाही आणि दुसरीत शिकायला पुष्कळ आहे.

आलेखात आणखी एक खूण शोधावी: रेघ एका चालीपुरती उसळी घेऊन लगेच खाली आलेली जागा. तेथे एकाने चूक केली आणि दुसऱ्याने ती पाहिलीच नाही. आपण निवडलेल्या चार-पाच क्षणांत ही जागा होती का, हे पाहावे. नसेल तर तीच आजची सर्वांत मोठी शिकवण आहे, कारण धोका कोठे आहे याची जाणीवच आपल्याला झाली नव्हती. एका प्याद्याहून लहान चढउतार पहिल्या तपासणीत सोडून द्यावेत. आपल्या पातळीवर डाव त्यांनी ठरत नाहीत.

लिहून ठेवणे

तपासणी कागदावर उतरली नाही तर ती महिन्याभरात विरून जाते. चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, चुकीला प्रश्नचिन्ह, आणि शंकास्पद किंवा धाडसी चालीला या दोन्हींची जोडी, ही चिन्हे सर्वत्र चालतात. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ने तर अशा चिन्हांची जगभर समजणारी एक भाषाच रूढ केली. तरीही निवडलेल्या क्षणांपाशी चिन्हांवर आणि आकड्यांवर न थांबता पूर्ण वाक्ये लिहावीत: ‘येथे मला वाटले की हत्ती गेले की डाव संपला. काळा राजा डी८ वर ओढला जाईल हे मी मोजले नाही.’ माजी विश्वविजेता बोटविन्निक आपल्या डावांचे विश्लेषण प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरत असे, कारण दुसऱ्याच्या नजरेखालून जाणार म्हटले की माणूस स्वतःशी प्रामाणिकपणे लिहितो. आपणही लिहिलेले क्लबमधील एखाद्या बलवान खेळाडूला, आणि जमल्यास त्या डावातील प्रतिस्पर्ध्याला, वाचायला द्यावे.

शेवटी, ज्या स्थितीत निकाल हातातून निसटला ती पटावर मांडून एखाद्या सवंगड्याबरोबर दहा-दहा मिनिटांच्या घड्याळावर खेळावी, एकदा पांढऱ्या बाजूने आणि एकदा काळ्या बाजूने. मी ती ई४ च्या प्याद्याची स्थिती, हत्ती डी८ वर येण्याच्या एक चाल आधीपासून, अशी सहा वेळा खेळलो. पहिल्या दोन वेळा काळ्या बाजूने मी स्वतःही हत्ती डी८ वरच नेला; तिसऱ्या वेळी हात आपोआप एच५ कडे वळला.